साईट नंबर अकराच्या धन्यांना अनावृत पत्र

माननीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपलं नाव मला ठाऊक नाही. ते का ठाऊक नाही, हे पुढे ओघानं येईलच. तोवर भाऊसाहेब म्हणते, गोड मानून घ्यावं. मी साईट नंबर बारा. आपल्या नि माझ्या तंबूंमध्ये तीन स्प्रूसची झाडं आणि थोडा संकोच, एवढाच आडोसा होता. पैकी झाडं अजून जागेवर आहेत.

२०२४ च्या चार जुलैला जोडून आलेल्या लांब सुट्टीत, मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, त्या तळ्याकाठी आपला सहवास लाभला. तळ्याचं नाव इथे लिहीत नाही. अनावृत पत्र कुणीही वाचतं, आणि आपण तर नक्कीच वाचाल. डेट्रॉइटकडच्या माणसानं सहा-सात तास गाडी हाकावी, मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल ओलांडावा, सेनी गावापासूनचा तो पंचवीस मैल वळणच न घेणारा रस्ता संपवावा, तेव्हा कुठे ती जागा येते. आपल्याला ती एकदा सापडली, एवढं तिच्या नशिबी पुष्कळ झालं.

तिथे काय काय नाही, हे वाचकांना सांगायला हवं. (आपण गाडीतून उतरल्या उतरल्या त्याची यादी मोठ्यानं वाचलीच होती.) वीज नाही, नळ नाही, शॉवर नाही, मोबाइलला रेंज नाही. पाण्याला एक हापसा, विधीला बंद टाकीवरचे दोन संडास, दर साईटला एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी जमिनीत रोवलेलं लोखंडी कडं. तळ्याचं पाणी चहाच्या रंगाचं. देवदारासारख्या झाडांच्या दलदलीतून झिरपून येतं म्हणून त्याला तो रंग चढतो. पलीकडच्या ताक्वामेनॉनच्या धबधब्यालाही हाच रंग आहे आणि तो बघायला लोक लांबून येतात. आपण काठावर उभं राहून "गटार आहे रे हे" म्हणालात. "आणि ह्याचे पैसे घेतात?" असंही विचारलंत. घेतात. आपण दिले नाहीत, हा भाग निराळा.

सर्वप्रथम आभार मानायचे ते आपल्या विश्वासाबद्दल. त्या रानात मराठी समजणारं दुसरं कुणी असणार नाही असं धरून आपण जितक्या मोकळेपणी बोललात, तितकं हल्ली सख्खे भाऊही एकमेकांशी बोलत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी मी "मेक्सिकन असावी" असा निर्वाळा दिला. आपण "एकटीच दिसतेय, नवऱ्यानं सोडली असणार" अशी भर घातलीत. नवरा त्या वेळी तंबूत पुस्तक वाचत पडला होता. त्यानं ऐकलं आणि पान उलटलं.

रात्री अकराला मी आपल्या दारी आले. इंग्रजीत, शक्य तेवढ्या नरमाईनं, आवाज जरा कमी होईल का असं विचारलं. आपण "ऑफकोर्स, ऑफकोर्स, फाइव्ह मिनिट्स" म्हणालात, आणि मी पाठ फिरवताच मित्राला "खडूस आहे" असं सांगितलंत. मी मराठी आहे हे आपल्या कानावर घालायची इच्छा तिथेच संपली. फुकटचं नाटक रंगात आलेलं असताना पडदा कोण पाडतो?

आता आपल्या व्यवहारचातुर्याविषयी. अशा तळावर पैसे घ्यायला माणूस बसलेला नसतो. वाटेवर एक फलक असतो, त्याखाली पाकिटं. पाकिटावर नाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत घालायचे, ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी नळीच्या फटीत सोडायचं आणि फाडून घेतलेला तुकडा आपल्या साईटच्या खांबाला लावायचा. आपण तुकडा फाडलात. खांबाला नीट, सरळ रेषेत लावलात. आणि कोरं पाकीट शेकोटी पेटवायला वापरलंत. "कोण बघतंय इथे?" हे त्या वेळचे आपले उद्गार.

मी बघत होते. पण मी पडले मेक्सिकन.

जनरेटरबद्दल किती आभार मानू? रानातली रात्र फार गप्प असते, माणसाला स्वतःचे विचार ऐकू यायला लागतात. आपण तो धोका वेळीच ओळखलात. त्यातून ५ जुलैला अमावास्या. अशा रात्री त्या तळ्यावर आकाशगंगा या काठापासून त्या काठापर्यंत दिसते, आणि पोरंबाळं उगाच वर बघून प्रश्न विचारत बसतात. आपण चार स्प्रूसना गुंडाळून रंगीत दिव्यांच्या माळा लावल्यात, मध्यभागी एक पांढराफेक फ्लडलाइट उभा केलात आणि आकाशाचा बंदोबस्त केलात. माझ्या तंबूतही इतका उजेड पडला की नवऱ्यानं पुस्तक संपवलं. त्याच्या वतीनंही आभार.

फलकावर शांततेची वेळ लिहिली होती: रात्री दहा ते सकाळी आठ. इथे आपण जो मुद्दा काढलात त्याला तोड नाही. हा भाग पूर्वेकडच्या घड्याळाच्या पार पश्चिम टोकाशी येतो, त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला सूर्यच पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि दहाला चांगलं दिसत असतं. "उजेड आहे, मग रात्र कसली?" असं आपण विचारलंत. बरोबर आहे. आणि पूर्ण अंधार पडला तेव्हा आपल्याकडे फ्लडलाइट होता, म्हणजे रात्र तेव्हाही झालीच नाही.

त्या न झालेल्या रात्री आपण दोन झाडांना चादर बांधून आम्हा सर्वांना क्रिकेट दाखवलंत. २९ जूनला बार्बाडोसमध्ये झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना, संपूर्ण. भारत सात धावांनी जिंकला हे त्या वेळी जगात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त साईट नंबर अकराला शेवटच्या षटकापर्यंत खात्री वाटत नव्हती. सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला तेव्हा आपल्याकडून जी आरोळी उठली, तिनं पलीकडच्या ट्रेलरमधले आजोबा टॉर्च घेऊन अनवाणी बाहेर आले. "कुणी बुडालं का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही, मिलर आउट झाला. ते काही वेळ तसेच उभे राहिले, मग आत गेले.

सकाळी सहाला कुकर. तोही बरा, कारण आदल्या रात्री झोप लागलेली नसल्यानं मोडली नाही. पहिल्या शिट्टीला तळ्यावरून लून पक्षी ओरडला, दुसरीला आपली धाकटी, तिसरीला ट्रेलरमधल्या आजी. खिचडीचा वास मात्र उत्तम होता, हे प्रामाणिकपणे सांगते. जिऱ्याची फोडणी वहिनींना जमते.

त्यानंतरच्या भांड्यांचं काय करावं, याचाही आपण आदर्श घालून दिलात. आधी मुलांना हापसा दाखवलात. "आपल्या गावाला होता तसा!" म्हणून तो दोन्ही हातांनी हापसताना रील काढलंत, आणि खरं सांगते, ते बघून मलाही बरं वाटलं. मग त्याच हापशाच्या कट्ट्यावर तेलकट पातेली, साबण, डाळीचा गाळ आणि कालच्या मिसळीची तर्री. सगळ्या तळाचं प्यायचं पाणी तिथून येतं. ज्या गावच्या आठवणीनं आपले डोळे भरले, त्या गावात हापशावर खरकटं सांडणाऱ्याला बायकांनी घागरी खाली ठेवून आधी त्याचा समाचार घेतला असता. इथे बायका इंग्रजी बोलणाऱ्या. त्या "एक्स्क्यूज मी" म्हणून आपल्या बाजूनं वाट काढत राहिल्या.

संडासाबद्दल थोडक्यात, कारण काही वाचक जेवत असतील. त्याखाली बंद टाकी असते, ती भरली की ट्रक येऊन पाइपनं उपसून नेतो. टाकीत घातलेले डायपर, बाटल्या आणि उरलेला मसालेभात पाइपला गिळता येत नाही. तो अडकतो आणि मग एका माणसाला लांब आकडी घेऊन ते एकेक बाहेर काढावं लागतं. आपण त्या अनोळखी माणसाच्या हाताला काम दिलंत. त्याला आपलं नाव कळलं असतं तर त्यानंही पत्र लिहिलं असतं, आणि ते छापता आलं नसतं.

आता लाकडांकडे वळते. आपल्या दानशूरपणाचा कळस तिथे आहे, म्हणून जरा निवांत लिहिते.

गाडीला जोडलेल्या छोट्या ट्रेलरमधून आपण घरची लाकडं आणलीत. मागच्या अंगणातलं झाड वाळलं, ते पाडलं, तोडणाऱ्यानं लाकूड उचलून न्यायचे वेगळे पैसे मागितले, "म्हटलं राहू दे रे बाबा, कॅम्पिंगला नेतो." ही कथा आलेल्या प्रत्येक मित्राला नव्यानं सांगितली गेली, त्यामुळे माझी पाठ आहे. पाव तासाच्या अंतरावर पेट्रोल पंपाशी इथल्याच रानातल्या लाकडांच्या मोळ्या मिळतात. त्यांच्याबद्दल आपण "लुटतात साले" एवढंच म्हणालात.

झाड कसलं होतं ते आपण कधी सांगितलं नाहीत. मग आपण सगळे पोहायला गेला होतात तेव्हा मी एक ओंडका उचलून पाहिला. आगाऊपणा झाला, पण कोण बघत होतं? सालीवर बारीक भोकं होती, जेमतेम तीन मिलिमीटरची, एका बाजूनं सपाट, इंग्रजी डी अक्षरासारखी. साल ओढली तर निघून हातात आली, आणि खाली लाकडावर नागमोडी बोगद्यांची नक्षी. ॲशचं झाड होतं. नक्षीकाम एमराल्ड ॲश बोरर या किड्याचं.

हा किडा म्हणजे आपल्या डेट्रॉइट परिसराचा नामांकित रहिवासी. मूळचा पूर्व आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. २००२ साली डेट्रॉइटजवळ तो पहिल्यांदा ओळखू आला. आपण दोघं व्हिसाच्या रांगेत उभे राहिलो, याला कुणी काही विचारलं नाही. अर्धा इंच लांब, पाचूसारखा हिरवा, दिसायला देखणा. मोठा झालेला किडा पानं कुरतडतो, त्यानं झाडाचं फारसं काही बिघडत नाही. पण त्याची अळी सालीखाली राहते आणि झाडाचं अन्नपाणी ज्या थरातून जातं तो थरच खात सुटते. दोन-चार वर्षांत झाड उभ्या उभ्या वाळतं. आपल्या अंगणातलं वाळलं तसं. उत्तर अमेरिकेत असे मेलेले ॲश कोटींनी मोजतात.

एवढ्या कर्तबगार किड्यात एकच उणं आहे: त्याला लांब उडवत नाही. स्वतःच्या पंखांवर फार तर वर्षाला काही मैल. शेकडो मैलांचा पल्ला मारायचा तर त्याला आपल्यासारखा सज्जन भेटावा लागतो, जो ट्रेलर जोडतो, वरून ताडपत्री टाकतो, वाटेत विश्रांती देतो आणि पुलाचा टोलसुद्धा स्वतःच्या खिशातून भरतो. एके काळी याच मॅकिनॉ पुलाशी गाड्या अडवून लाकडं काढून घेत असत. तरी २००५ साली तो पुलापलीकडच्या ब्रिमली स्टेट पार्कमध्ये सापडलाच. पार्कमध्ये लोक तंबू ठोकून राहतात, शेकोट्या करतात. तो तिथे उडत गेला नाही, हे समजायला कीटकशास्त्र शिकावं लागत नाही.

आपल्या मित्रानं, तो चष्मेवाला, भला माणूस, "लाकडं आणायला बंदी नाही का रे?" असं दबक्या आवाजात विचारलं होतं. आपण त्याला उडवून लावलंत, "ती कधीच उठली." आपली माहिती अचूक होती. या किड्यापायी घातलेली केंद्र सरकारची वाहतूकबंदी जानेवारी २०२१ मध्ये खरंच उठली. किडा हरला म्हणून उठली नाही, सरकार दमलं म्हणून उठली. ज्या भागात तो अजून पोचलेला नाही तिथे त्याला पोचवायचं की नाही, हे आता सर्वस्वी आपल्यासारख्यांच्या इच्छेवर सोपवलेलं आहे, आणि आपण जबाबदारी टाळणाऱ्यांतले नाही.

तळ्यामागे दलदल आहे, तिच्यात काळ्या ॲशची झाडं उभी आहेत. या भागातले मूळ रहिवासी, ओजिब्वे, ओडावा, याच झाडाचा ओंडका मोगरीनं ठोकत राहतात. ठोकता ठोकता त्याची वार्षिक वलयं पट्ट्या होऊन सुटी होतात, आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. आईकडून लेकीकडे आलेली कला. दुसऱ्या लाकडाचं हे असं होत नाही. आपण ट्रेलर रिकामा केलात ती जागा या झाडांपासून हाकेच्या अंतरावर आहे. इतकी वर्षं ती एकटी होती, आता पाहुणे आले.

लाकडांवरून पक्ष्यावर येते. लून हा बदकाहून मोठा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, उन्हाळ्यात डोळे लालभडक असलेला पक्षी. पाय अंगाच्या पार मागे, त्यामुळे बुडी मारण्यात पटाईत आणि जमिनीवर अगदी केविलवाणा. घरटं म्हणूनच पाण्याला टेकून करतो. उडायचं तर पाण्यावरून लांबवर धावत जावं लागतं. मिशिगनच्या कायद्यात तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. त्या तळ्यावर एक जोडी होती, पाठीवर दोन पिल्लं बसवून फिरणारी.

आपण हवा भरलेली बोट घेऊन त्यांच्या मागे लागलात. नुसतं जवळून बघायचं होतं, मला कळत होतं. मुलांच्या शिक्षणासाठी माणूस काय करत नाही! लून थरथरत्या आवाजात ओरडला तेव्हा आपण मुलांना म्हणालात, "बघा, हसतोय!" तो आवाज तो घाबरला की काढतो. आपण आणखी जवळ गेलात. मग नर पाण्यावर सरळ उभा राहिला, छाती पुढे, पंखांची फडफड, पायांनी पाणी तुडवत. "नाचतोय, नाचतोय, व्हिडिओ घे!" पिल्लांना धोका वाटला की तो असा उभा राहतो. यात त्याची सगळी ताकद जाते, आणि तोवर पिल्लं मागे उघडी पडतात. वर एक गरुड घिरट्या घालत होता. त्यालाही आपण मुलांना दाखवलंत.

दुपारी मासे धरायला बसलात. धरला एकही नाही, पण गळाची दोरी बुडालेल्या खोडात अडकली तेव्हा शिशाच्या वजनासकट तोडून सोडून दिलीत. लून अन्न दळायला तळाचे खडे गिळतो. शिशाची गोळी आणि खडा त्याला वेगळे कळत नाहीत, आणि मोठा लून मरायला एक गोळी पुरते. आपल्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. दुकानात शेजारच्याच खणात कथलाची वजनं असतात, ती थोडी महाग. "लुटतात साले," नाही का?

किरकोळ उपकार भराभर लिहिते. वहिनींनी पांढऱ्या बर्चची साल सोलून "अगं, हे तर आपलं भूर्जपत्र!" म्हणून मैत्रिणींना वाटलं. वहिनींची वनस्पतीशास्त्राची जाण खरी आहे, हिमालयातला भूर्ज या झाडाचा भाऊबंदच. पण जिवंत झाडाची साल ओरबाडली की तिथे काळा चट्टा राहतो, ती पांढरी साल पुन्हा येत नाही. आपल्या कन्येनं त्या चट्ट्यावर नाव कोरलं. झाडावरचं नाव तेवढं कोरलं, पाकिटावरचं राहिलं.

चिपमंकना भडंग घातलंत. रात्री टेबलावर श्रीखंडाचा डबा, पोळ्या आणि लोणच्याची बरणी तशीच ठेवून झोपलात, आणि रॅकून येऊन गेले. जे झाकण आपल्याला संध्याकाळी उघडत नव्हतं ते त्यांनी उघडलं. अन्न गाडीत बंद ठेवा, हा अस्वलांचा मुलूख आहे, असं फलकावर चित्रासकट होतं. इथल्या काळ्या अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण. त्याला एकदा तंबूंकडच्या खाण्याची चटक लागली की ते परत परत येतं, आणि मग एक दिवस त्याला गोळी घालावी लागते. ते त्या दिवशी आलं नाही. उशिरा येईल, आपण निघून गेल्यावर, आमच्यासारख्या कुणाकडे.

हा पराक्रम फक्त आपलाच, असं मात्र मानू नका, अहंकार बरा नव्हे. साईट नंबर तीनवर अस्सल अमेरिकन मंडळी होती. चार जुलैच्या रात्री त्यांनी तळ्यावर दारूकाम केलं आणि बिअरचे डबे पाण्यात फेकून त्यांवर नेमबाजी केली. त्यांच्याविषयी कुणी मला काही विचारलं नाही. आपल्याविषयी विचारलं. ट्रेलरमधले आजोबा हापशाशी भेटले, अतिशय अदबीनं म्हणाले, "ते तुमच्या ओळखीचे का?" आपल्यामुळे मला असा अचानक देशाचा राजदूत व्हायचा मान मिळाला, पगाराविना.

मी म्हटलं, नाही हो, त्यांची भाषा मला कळत नाही.

निघतानाही आपण देतच गेलात. शेकोटीत प्लॅस्टिकच्या थाळ्या, ॲल्युमिनियमची फॉइल, अर्धवट जळालेली खुर्ची आणि धुमसणारा निखारा. "विझेल आपोआप" म्हणालात. जॅक पाइनचं रान, खाली वाळू नि सुकलेल्या सुयांचा थर, दुपारचा वारा. मी हापशावरून बादल्या आणून ओतल्या, काठीनं ढवळलं, पुन्हा ओतल्या. व्यायाम झाला. आणि खांबाशी ती उरलेली लाकडं नीट रचून ठेवलीत, "येणाऱ्याला होतील."

येणाऱ्याला ती मिळाली नाहीत, याबद्दल क्षमा मागते. मी, नवरा आणि ट्रेलरमधल्या आजोबांनी त्या दुपारी, जुलैच्या उन्हात, घामाच्या धारा लागलेल्या, आपला सगळा ढीग जाळला. आधी साल, मग ओंडके. आजोबा एकेक साल चिमट्यानं उलटून बघत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. ती भाषा मला चांगली कळत होती.

पुढच्या वर्षी आपण उत्तरेला येणार असल्याचं कानावर आलं (आपणच सांगत होतात, पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं). जरूर यावं. मोठी हॉटेलं आहेत, गरम पाण्याचे टब आहेत, खोलीत टीव्ही आहे, बाहेर मोटार उभी करायला प्रशस्त जागा आहे. आपल्याला हवं ते सगळं तिथे आयतं मिळेल, ट्रेलरमधून वाहून आणायला नको. शिवाय तिथे पैसे आधीच घेतात, म्हणजे पाकिटाची कटकटही नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. त्या चष्मेवाल्या मित्राला विशेष सांगावं की आठवण येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली शेजारीण,
साईट नंबर बारा

ता. क. आपल्या टेबलाखाली कुकरची शिट्टी सापडली. नवी दिसते, वजनदार आहे. परत पाठवायची फार इच्छा होती, पण पत्ता त्या पाकिटावर लिहिलेला असता. वाया जायला नको म्हणून माझ्याच कुकरला लावून पाहिली. अगदी बरोबर बसली.